पुन्हा सही

नीलमच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण भांडायचं म्हणून फोन केलेला माणूस शेवटी तिलाच ‘तुम्ही जेवलात का ताई’ असं विचारून फोन ठेवायचा. अंधेरीच्या एमआयडीसीत पाण्याचे फिल्टर दुरुस्त करून देणारी एक कंपनी होती, तिथे ती तक्रारी घ्यायला बसायची. फिल्टर गळतोय, फिल्टर रात्रंदिवस घुरघुरतोय, मेकॅनिक आला आणि ओट्याची वाट लावून गेला, असं लोक ओरडून सांगत. नीलम ‘हो ना’, ‘खरंच की’, ‘मी बघते हां’ एवढ्या भांडवलावर त्यांना शांत करी. मराठी तिची घरची, हिंदी मुंबईची, गुजराती कानावर पडून पडून आलेली. इंग्रजी बोलायची वेळ आली तरी ती निभावून न्यायची. शब्द अडला की हसायची आणि समोरचा समजून घ्यायचा.

मग कंपनीने फोन कमी केले आणि तक्रारी ईमेलवर घ्यायला सुरुवात केली. उत्तरं इंग्रजीत लिहायची. आणि लिहिताना हसून वेळ मारून नेता येत नाही, हे नीलमला पहिल्याच आठवड्यात कळलं.

झालं असं की पवईच्या एका गृहस्थांकडे मेकॅनिकने दोनदा चूक केली होती. ‘जरा सांभाळून घ्या’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं, असं तिने शेजारच्या सपनाला विचारलं. सपनाने सांगितलं, ‘बेअर विथ हिम’ असं लिही. नीलमने ऐकलं तसं लिहिलं. गृहस्थांचं उत्तर आलं की मेकॅनिक येईल तेव्हा मी घरी असेन, पण माफ करा, कपडे घालूनच असेन. सपना हसून हसून टेबलावर आडवी झाली. शेवटी डोळे पुसत तिने समजावलं की तू लिहिलंयस तो बेअर म्हणजे उघडा. सांभाळून घेण्याचा बेअर वेगळा, त्याचं स्पेलिंग अस्वलाचं.

“मग अस्वलाचं स्पेलिंग काय?” नीलमने विचारलं.

“तेच ना. अस्वलाचं.”

एखाद्याला सांभाळून घ्यायचं तर त्यात अस्वल कुठून आलं, हे नीलमला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

विभागाच्या प्रमुख अनुपमा मॅडम. बाई कडक होत्या, कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे, पण चारचौघांत कोणाचा पाणउतारा करायची सवयही त्यांना नव्हती. त्यांनी नीलमला केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, की तुझं काम चांगलं आहे, पण लिहिणं सुधारावं लागेल, कारण आता कामच लिहिण्याचं झालंय. नीलमची नोकरी कंत्राटावर होती. दर मार्चअखेरीस कंत्राट संपायचं आणि एप्रिलमध्ये नव्या कागदावर सही व्हायची. त्यामुळे मॅडम नुसतं ‘सुधारावं लागेल’ म्हणाल्या तरी नीलमला त्याच्या पुढचंही ऐकू आलं.

नाहूरला घरी तिने हे सांगितलं तेव्हा सासूबाई, सुंदराबाई, भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “मग त्या तावडे मास्तरकडं जा की. मागच्या बिल्डिंगीत शिकवत्यात. एवढी माणसं जात्यात, तुला काय ते खातील?” नवरा सम्यक ऐरोलीला एसी दुरुस्तीच्या कामाला होता. त्याने लगेच पोरांचं रविवारचं बघायचं कबूल केलं. नीलमला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

जयवंत तावडे महापालिकेच्या शाळेतून इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मूळचे देवगडकडचे, वडील गिरणीत होते. रविवारी सकाळी ते हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून खाली सतरंजी टाकत आणि नाहूर-भांडुपची तिशी-पन्नाशीतली माणसं मांडी घालून इंग्रजी शिकत. सर शिकवत उत्तम, पण त्यांची एक खोड होती. इंग्रजीतली एखादी विचित्र गोष्ट सापडली की ते धडा सोडून तिच्या मागे लागत, आणि मग त्यांच्या बोलण्यात मालवणी डोकवायची.

“घर जळालं तर इंग्रजीत ते बर्न डाऊन होतं,” ते म्हणाले. “आणि कागद जळाला तर बर्न अप. एक खाली जळता, एक वर जळता. आग तीच! फॉर्म भरायचा तर फिल इन करा नाहीतर फिल आऊट करा. आत भरा की बाहेर भरा, फॉर्म तोच. दिवे ऑफ गेले म्हणजे बंद झाले, आणि गजर ऑफ गेला म्हणजे वाजायला लागला. काय गंमत आसा बघा ती!”

बाकीचे हसले. नीलमला हसू येईना. तिला वाटलं, रस्ता विचारावा आणि सांगणाऱ्याने दोन्ही हात दोन दिशांना करावेत, तसं हे चाललंय. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली आणि तिने सरांना सरळ विचारलं, की यात भरवशाचं असं काहीतरी आहे का? एकच सांगा, पण पक्कं सांगा.

सरांनी चष्मा काढला, पुसला, विचार केला आणि तिला ‘री’ दिला. शब्दाच्या आधी री लावला की अर्थ होतो पुन्हा. फिल म्हणजे भरणं, रीफिल म्हणजे पुन्हा भरणं. चेक, रीचेक. ओपन, रीओपन. स्टार्ट, रीस्टार्ट.

नीलमला हा री फार आवडला. तो साधा होता, शब्दाच्या पुढे निमूट उभा राहायचा आणि एकच काम करायचा. तक्रारींच्या धंद्यात तर त्याला तोटाच नव्हता, कारण तिथे सगळं पुन्हाच करावं लागे. मेकॅनिक रीव्हिजिट करेल, आम्ही मशीन रीइन्स्टॉल करू, तुमची तक्रार रीओपन केली आहे. गिऱ्हाइकांची थट्टेची उत्तरं बंद झाली. अनुपमा मॅडमनी एकदा तिचा मेल वाचून मान हलवली, आणि मॅडमची मान सहसा हलत नसे. नीलम मेट्रोत उभ्या उभ्या पाट्या वाचायची आणि कुठल्या शब्दाला री लागेल ते मनात लावून बघायची. पहिल्यांदाच तिला या भाषेची थोडी मजा वाटू लागली होती.

तेवढ्यात मार्च आला. एरवी कंत्राटाचा कागद टेबलावर यायचा आणि सही करून परत जायचा. या वर्षी ऑफिसने सगळ्यांना मेल पाठवला, की पुढच्या वर्षाबद्दलचा तुमचा निर्णय शुक्रवारपर्यंत लेखी कळवा. बाकीच्यांनी एकमेकांचं पाहून एक ओळ पाठवून दिली. नीलमने ठरवलं, आपलं आपण लिहायचं. सपनाला विचारायचं नाही, तावडे सरांना दाखवायचं नाही. लिहिणं सुधारलंय हे मॅडमना दिसायचं असेल तर ते याच मेलमध्ये दिसलं पाहिजे.

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तिने तो मेल लिहिला. मी इथे आठ वर्षं आनंदाने काम केलं. खूप विचार करून आणि घरच्यांशी बोलून मी निर्णय घेतला आहे. मग तो शब्द आला. सही म्हणजे साइन. ती पुन्हा करायची, म्हणून पुढे री. आर, ई आणि त्याला चिकटून एस, आय, जी, एन. हे करताना मला अतिशय आनंद होत आहे, असंही तिने लिहिलं, कारण खरंच होत होता. शेवटी संधीबद्दल आभार.

नोकरी सोडण्याला रिझाइन करणं म्हणतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसात अधूनमधून कोणीतरी रिझाइन करायचंच. पण तो शब्द तिने जन्मभर फक्त ऐकला होता. त्यात झेड असणार हे कानाला इतकं स्वच्छ ऐकू यायचं, की तो लिहितात कसा हे बघावं असं तिला कधी वाटलं नाही. चुकलेल्या शब्दाखाली कॉम्प्युटर लाल रेघ ओढतो. या शब्दाखाली काही आलं नाही. तिने मेल पाठवला आणि निवांत डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमनी बोलावलं. त्या समोरच्या पेनाकडे बघत होत्या.

“ठरलंय तुझं?”

“हो मॅडम. घरीपण सगळे खूश आहेत.”

“इथे काही त्रास झाला का? मी तुला लिहिण्यावरून बोलले, त्यामुळे तर…”

“त्रास कसला? तुम्ही बोललात म्हणून तर मी हे लिहू शकले.”

मॅडमनी पेन उचललं आणि परत ठेवलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “मग मी अडवत नाही.”

अडवायचा प्रश्न कुठे आला, हे नीलमला कळेना. बाहेर येता येता तिला वाटलं, म्हणजे यंदा आपलं कंत्राट अडणार होतं की काय? मेल चांगला लिहिला म्हणून वाचलो? तिला हायसं वाटलं.

त्यानंतर ऑफिसात सगळं जरा विचित्रच होऊ लागलं. सपना घुम्यासारखी वागायला लागली. डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची. एकदा जिन्यात गाठ पडल्यावर म्हणाली, “मला तरी आधी सांगायचंस ना गं.” नीलम म्हणाली, यात सांगायचं काय, सगळेच करतात. सपना तिच्याकडे बघत राहिली आणि खाली उतरून गेली. हिशेबाच्या खोलीतल्या माणसाने नीलमला हात मिळवून शुभेच्छा दिल्या. एरवी तो मान वर करून बघत नसे. एका मुलाने येऊन तिच्या हेडफोनचा नंबर लिहून नेला. आणि मग अक्षता आली.

अक्षता चारकोपची, पंचविशीची. मॅडमनी तिला नीलमशेजारी बसवलं आणि सांगितलं, हिला सगळं काम समजावून दे. मुलीचं इंग्रजी झकास होतं, झरझर टाइप करायची. पण फोनवर गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं की ती पांढरीफटक पडायची. नीलमने तिला जीव लावून शिकवलं. ओरडणाऱ्याला आधी ओरडू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही, त्याचा श्वास संपला की मग ‘हो ना’ म्हणायचं. हाताखाली माणूस दिलं म्हणजे काय ते नीलमला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने घरी सांगितलं, सम्यक म्हणाला प्रमोशन दिसतंय, आणि सुंदराबाईंनी ते संध्याकाळच्या आत सगळ्या मजल्यावर पोचवलं.

मार्च संपायच्या दिवशी दुपारी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. टेबलावर केक होता. नीलम मागे भिंतीशी उभी राहिली, पण लोकांनी बाजूला होत होत तिला पुढे आणलं. अनुपमा मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की कंपनीचं कॉल सेंटर पाण्यात गेलं होतं त्या वर्षी नीलम स्वतःच्या मोबाइलवरून तक्रारी घेत बसली होती, आणि ते तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. लोक अजून फोन करून विचारतात, त्या शांत आवाजाच्या ताई आहेत का. मी तिला लिहिण्यावरून बोलले, पण माणसाचं कसं ऐकायचं ते मी तिच्याकडे बघून शिकले. हे मी आधी सांगायला हवं होतं. एवढं बोलून मॅडमचा आवाज बसला. सपना रडायला लागली आणि तिने एक साडीचा बॉक्स नीलमच्या हातात ठेवला.

आठ वर्षांत या बाईने आपल्याबद्दल चांगली अशी दोन वाक्यं बोलली नव्हती. नीलमला काहीच उलगडत नव्हतं. एवढं सगळं एका सहीसाठी? तिची नजर केककडे गेली. त्यावर गुलाबी क्रीमने तिचं नाव होतं आणि वर फेअरवेल लिहिलं होतं. हा शब्द तिने वाचलेलाही होता.

“सपना,” ती हळूच म्हणाली, “फेअरवेल कोणाचा?”

सपना रडायची थांबली.

“मॅडम, मी कुठे जातेय?” नीलमने विचारलं.

मॅडमना वाटलं ती भावनेच्या भरात बोलतेय. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मोबाइलवर तिचा मेल काढून तिच्यापुढे धरला. नीलमने तो मोठ्याने वाचला. त्या शब्दापाशी आल्यावर तिने त्याचे दोन तुकडे करून वाचले. री. साइन. “पुन्हा सही करायचीय म्हणून लिहिलंय ना मी,” ती म्हणाली.

मागून कोणीतरी हसलं आणि एकटाच हसतोय म्हणून गप्प झालं. अक्षता भिंतीला टेकली. तिने या नोकरीसाठी आधीची नोकरी सोडली होती. मॅडम खुर्चीत बसल्या.

“नीलम,” त्या म्हणाल्या, “सोडून जाताना अतिशय आनंद होतोय, असं लिहिलं होतंस तू. मला वाटलं माझ्यामुळेच.”

नीलमला आधी स्वतःची लाज वाटली, मग मॅडमची दया आली, आणि मग राग आला. कोणाचा, ते तिला सांगता येईना. एचआरचा चैतन्य म्हणाला, राजीनामा वर गेलाय, जागा भरलीय, पण तुम्ही तो मागे घेताय असं सोमवारपर्यंत लेखी दिलंत तर मी बोलून बघतो. लेखी हा शब्द नीलमने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. केक तसाच टेबलावर होता. कापावा की नाही हे कोणालाच कळेना. शेवटी सपनाने त्यावरचं क्रीम चमच्याने सारखं केलं, आणि मग तो कापला.

रविवारी वर्ग सुटेपर्यंत नीलम थांबली नाही. ती वर्गाच्या आधीच तावडे सरांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सर ऐकताना आधी गंभीर झाले, मग त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली, ती त्यांनी घाईघाईने आवरली.

“मध्ये एक आडवी रेघ लागते गो,” ते अपराधी आवाजात म्हणाले. “री, मग रेघ, मग साइन. रेघ दिलीस तर पुन्हा सही, नाही दिलीस तर राजीनामा. अक्षरं तीच.”

“आणि ही रेघ तुम्ही मला आता सांगताय?”

सरांनी ऑफिसात येऊन समजावून सांगायची तयारी दाखवली. नीलम म्हणाली, यायचं नाही, बसायचं आणि लिहायचं. दोघं कागद घेऊन बसले. मी सोडून जात नाही, असं नीलमला लिहायचं होतं. पण लीव्ह म्हणजे सोडणं, तशी लीव्ह म्हणजे रजाही. रजा नको असं वाचलं तर? सरांनी मान डोलावली, शक्य आहे. मग मला राहायचंय, स्टे. सर म्हणाले, स्टे म्हणजे राहणं, पण कोर्टाचा स्टे म्हणजे थांबवणं. त्यांना स्वतःला थांबवता येईना. लेफ्ट म्हणजे गेलेला, आणि लेफ्ट म्हणजे उरलेलासुद्धा, बघ, ते सांगू लागले. नीलमने पेन खाली ठेवलं.

“सर,” ती म्हणाली, “मला उरायचंय. तेवढंच मला कळतंय.”

सर म्हणाले, तुला काय हवंय ते पोरांना सांगशील तसं सांग. नीलमने सांगितलं आणि मग तसंच लिहिलं. माझी लिहिण्यात चूक झाली. मला इथे काम करायचं आहे. कृपया मला करू द्या. छोटी छोटी तीन वाक्यं. सरांनी ती उलटसुलट करून वाचली, दुसरा अर्थ निघतोय का ते शोधलं. निघाला नाही, आणि ते किंचित नाराज झालेले तिला दिसले. त्या नाराजीचं तिला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

वरून निर्णय यायला आठवडा लागला. तेवढे दिवस नीलम घरी होती. सुंदराबाईंना शेजारणी प्रमोशनचं विचारत होत्या, आणि त्या ‘चाललंय कागदाचं’ म्हणून दार लावून घेत होत्या. शेवटी चैतन्यचा फोन आला. अक्षताची जागा अक्षताकडेच राहणार होती. नीलमला सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं, वर्षाचं नाही, आणि बसायला कोपऱ्यातलं टेबल. ओरडणारी गिऱ्हाइकं तिच्याकडे, मोठे मेल अक्षताकडे. तिने जाऊन सही केली. साडीचा बॉक्स सपनाला परत द्यायला गेली तर सपना म्हणाली, दिलेली साडी कोणी परत घेतं का, गप ठेव.

एक मात्र अवघड होऊन बसलं. नीलम आणि अनुपमा मॅडम एकमेकींना टाळू लागल्या. जाणाऱ्या माणसाबद्दल बोलतात ते सगळं मॅडम बोलून बसल्या होत्या, आणि माणूस तर समोरच बसलं होतं. मॅडम पाणी प्यायला आल्या की नीलम उठायची. नीलम केबिनमध्ये गेली की मॅडम कागदात डोकं घालायच्या. फेअरवेलला लोक गोड बोलतातच, मेलेल्याबद्दल आणि जाणाऱ्याबद्दल कोण वाईट बोलणार, असं नीलम स्वतःला समजवायची. पण मग मॅडमचा आवाज का बसला, हे तिला सुटायचं नाही.

मे महिन्यात एका दुपारी तक्रारी कमी होत्या. नीलम केबिनमध्ये गेली आणि दार लोटून उभी राहिली.

“मॅडम, तुम्ही त्या दिवशी बोललात ना माझ्याबद्दल… ते कसं घ्यायचं मी?”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी पेनाकडे नाही.

“बोलले तसंच,” त्या म्हणाल्या. “त्यात दुसरा अर्थ नव्हता.”

नीलम बाहेर आली तेव्हा तिच्या टेबलावरचा फोन वाजत होता. घाटकोपरची कोणी बाई होती, फिल्टरमधून तीन दिवस पाणी येत नव्हतं आणि ती कानठळ्या बसतील असं बोलत होती. नीलमने खुर्ची ओढली, तिला पुरतं बोलू दिलं, आणि तिचा श्वास संपल्यावर म्हणाली, “हो ना.”